ठाण्याचा बालेकिल्ला नेमका कुठे आहे?

तलावपाळीवर संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या कंपूत सात जण आहेत आणि ठाणे लोकसभेचा विषय निघाला की त्यांचे तीन तट पडतात. पहिला म्हणतो, ठाणं आनंद दिघेसाहेबांचं, म्हणजे शिवसेनेचं. सेना कुठली, एवढाच काय तो वाद. दुसरा म्हणतो, ही जागा भाजपच्या म्हाळगी-कापशांनी जोपासलेली. १९९६ ला मित्राला, म्हणजे सेनेला, उसनी दिली, आणि उसनं कधीतरी परत करायचं असतं. तिसरा नवी मुंबईत नोकरीला जातो. तो शांतपणे म्हणतो, तुम्ही भांडा, खाडीपलीकडे काय ठरतं ते बघा. २०२४ मध्ये महायुतीत ही जागा कुणी लढवायची यावरून हाच वाद तलावपाळीवरून उठून वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर गेला, आणि तेव्हापासून एक शब्द कानावर सारखा आदळतोय: बालेकिल्ला.

मला हा वादच चुकीच्या पायावर उभा वाटतो. तिन्ही बाजू ठाण्याकडे सातबाऱ्यासारखं बघतात. नाव कुणाचं लागलं, फेरफार कधी झाला, कब्जा कुणाचा. पण या मतदारसंघाचा सत्तर वर्षांचा निकालपट समोर ठेवला तर त्यात बालेकिल्ला सापडत नाही. सापडतो एक सतत बदलणारा नकाशा आणि त्या-त्या वेळच्या युतीची बेरीज. मतदाराची निष्ठा म्हणून जे मिरवलं जातं, ते बहुतेक वेळा हद्दीचं आणि जागावाटपाचं गणित असतं.

खरा किल्ला ठाण्यात एकच आहे. पोर्तुगिजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. ठाण्यात किल्ला म्हटलं की एवढंच: दर काही वर्षांनी धनी बदलणारी वास्तू. आणि बालेकिल्ला म्हणजे गडाच्या आतला, सगळ्यात वरचा भाग. राजगड चढलेल्याला तो सांगायला नको. तिथे शिबंदी असते, धान्याची कोठारं असतात. रयत खाली असते. मतदारसंघाला बालेकिल्ला म्हणताना आपण मतदाराला रयत समजतोय की शिबंदी?

आता पहिल्या तटाचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. १९६७ मध्ये ठाणे नगरपालिका सेनेच्या हाती आली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. मुंबईतही जे तोवर जमलं नव्हतं ते इथे जमलं. पुढे आनंद दिघ्यांनी टेंभी नाक्यावरून जे जाळं उभं केलं, ते नाकारणारा माणूस ठाण्यात राहिलेला नसावा. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स, शाळेतला प्रवेश, घरमालकाशी भांडण, नवऱ्याची दारू, सगळ्याची दाद तिथे लागायची. सरकारी कचेरीत जो माणूस बाकावर बसून राहायचा, त्याला शाखेत नाव घेऊन हाक मारली जायची. त्यातून मिळालेली मतं खरी होती. १९९६, १९९८, १९९९ आणि २००४, प्रकाश परांजपे सलग चार वेळा निवडून आले. त्यांच्या निधनानंतर २००८ च्या पोटनिवडणुकीत आनंद परांजपे जिंकले. लागोपाठ पाच विजय. याला बालेकिल्ला म्हणायचं नाही तर कशाला, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे.

तसंच दुसऱ्या तटाचं. १९७७ ला रामभाऊ म्हाळगी इथून जनता पक्षातर्फे निवडून आले. १९८० मध्ये देशभर इंदिरा लाट असताना ठाण्याने पुन्हा म्हाळगींनाच निवडलं, ही काही लहान गोष्ट नाही. १९८२ मध्ये ते गेले, पोटनिवडणुकीत भाजपचे जगन्नाथ पाटील आले. १९८९ आणि १९९१ मध्ये प्राध्यापक राम कापसे. नौपाडा, कल्याण, डोंबिवलीतल्या मध्यमवर्गाची संघाशी जुनी सोयरीक आहे आणि ती कुण्या नेत्याच्या सभेवर अवलंबून नव्हती, हेही खरं.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की दोन्ही पुरावे एकमेकांना खोडतात. सेनेने नगरपालिका १९६७ ला घेतली आणि लोकसभेत ठाण्याचा पहिला खासदार पाठवला १९९६ ला. मधल्या एकोणतीस वर्षांत हाच ठाणेकर गल्लीतल्या नळासाठी शाखेत जात होता आणि दिल्लीसाठी दुसऱ्याच्या चिन्हावर शिक्का मारत होता. त्याला दोन्हीतला फरक कळत होता. आणि भाजपची परंपरा म्हणावी, तर १९८२ ची पोटनिवडणूक जिंकलेली ही जागा दोनच वर्षांत, १९८४ ला, काँग्रेसच्या शांताराम घोलपांकडे गेली. इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट होती, हे मान्य. पण लाटेत वाहून जातो तो किल्ला कसला? शिवाय १९८९ पासून युती होती. कापशांच्या मतांत सेनेची मतं होती, परांजप्यांच्या मतांत भाजपची. दोघंही एकाच पातेल्यातलं दूध आपल्या गाईचं म्हणून सांगतायत.

याच्याही मागे जाऊ. १९५७ मध्ये ठाण्याने लोकसभेत कुणाला पाठवलं? कम्युनिस्ट शामराव परुळेकरांना. संयुक्त महाराष्ट्राचा जोर होता, आणि त्याच्या खाली गोदावरीबाई आणि शामरावांनी तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारली आदिवासींमध्ये १९४५ पासून केलेलं काम होतं. वेठबिगारी मोडणारं काम. तेव्हाचा ठाणे मतदारसंघ दोन सदस्यांचा होता आणि जिल्हा पार आजच्या गुजरातच्या सीमेपलीकडे. आज तलासरी-डहाणू पालघर जिल्ह्यात आहेत, २०१४ पासून, आणि उंबरगाव तर गुजरातेत. आज ठाणे स्टेशनबाहेर उभं राहून कुणी म्हटलं, की ठाणं हा लाल बावट्याचा बालेकिल्ला, तर लोक हसतील. पण नाव तेच होतं. बदललं ते नावाखालचं सगळं.

गिरणगावाची आठवण इथे येतेच. कम्युनिस्ट डांगे १९५७ ला आणि पुन्हा १९६७ ला मध्य मुंबईतून लोकसभेत गेले, तेव्हा परळ-लालबागला बालेकिल्ला म्हणणाऱ्याला कुणी हटकलं नसतं. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले तेही तिथूनच. मग १९८२ चा संप झाला, भोंगे थांबले आणि चाळी रिकाम्या होत गेल्या. मत देणारा माणूसच तिथून हलला, तर निष्ठा काय भिंतींना चिकटून राहणार? ठाण्यात हे जरा सावकाश झालं. एमआयडीसीची सुरुवात १९६२ ला वागळे इस्टेटमधूनच झाली होती. पोखरण रोडवर रेमंड होतं, खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा. आज पोखरण रोडवर रेमंडच्या जागेत टॉवर आहेत आणि बेलापूर पट्ट्यात संगणकांच्या कंपन्या. शाखेत नाव घेऊन ज्याला हाक मारली जायची, त्याची नात आज घोडबंदरला सत्ताविसाव्या मजल्यावर राहते आणि पाण्याची तक्रार सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकते.

पण हे सगळं समाजशास्त्र झालं. बालेकिल्ल्याचा दावा तपासायला त्याहून नेमका पुरावा आहे, आणि या वादात तो कुणी काढत नाही याचं मला नवल वाटतं. २००८ ची पोटनिवडणूक आणि २००९ ची सार्वत्रिक निवडणूक शेजारी ठेवून बघा. मध्ये एका वर्षाचं अंतर. २००८ ला जुन्या हद्दीवर मतदान झालं: ठाणे, नवी मुंबई, शिवाय कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, सगळं एकाच मतदारसंघात. सेनेचे आनंद परांजपे जिंकले, राष्ट्रवादीचे संजीव नाईक हरले. २००९ ला नवी पुनर्रचना लागू झाली. कल्याण वेगळा मतदारसंघ झाला. ठाण्याकडे मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे शहर, ऐरोली आणि बेलापूर हे सहा विधानसभा मतदारसंघ राहिले. परांजपे कल्याणला उभे राहिले आणि जिंकले. नाईक ठाण्यात उभे राहिले आणि तेही जिंकले, सेनेच्या विजय चौगुले यांना सुमारे ४९ हजारांनी हरवून. एका वर्षात ठाणेकराचं मन पालटलं का? एकाच जमिनीवर एक रेघ ओढली, आणि गेल्या वर्षीचा विजेता आणि गेल्या वर्षीचा पराभूत असे दोघंही रेघेच्या दोन बाजूंनी दिल्लीला गेले. बालेकिल्ल्याची तटबंदी परिसीमन आयोगाच्या पेन्सिलीने पडते-उठते, ती अशी.

यावर आमच्या कंपूत लगेच उत्तर येतं, आणि ते दमदार आहे. २००९ ला मनसेने घात केला. राजन राजेंनी ठाण्यात सव्वा लाखाहून जास्त मतं घेतली; ती सेनेकडे असती तर नाईक पडले असते. अगदी बरोबर, बेरीज तसंच सांगते. पण त्याच दिवसांत शेजारच्या कल्याणमध्येही मनसे होती आणि तिथेही वैशाली दरेकरांनी लाखाच्या घरात मतं घेतली. तरी तिथे परांजपे राष्ट्रवादीच्या वसंत डावखऱ्यांना हरवून निवडून आले. मनसेचा घाव दोन्हीकडे बसला, पडला एकच. दोन्हींत फरक कसला? ठाण्याच्या बाजूला नवी मुंबई होती आणि तिथे तेव्हा गणेश नाईकांची सत्ता होती. म्हणजे प्रश्न पुन्हा रेघ कुठून गेली इथेच येतो.

आणखी एक कसोटी घ्या. २०१४ च्या मे महिन्यात युतीचे राजन विचारे दोन लाख ८१ हजारांच्या फरकाने जिंकले. बालेकिल्ला परत आला, असे फलक लागले होते. पाचच महिन्यांनी विधानसभेला युती तुटली आणि सगळे आपापल्या ताकदीवर लढले. त्याच सहा मतदारसंघांत काय झालं? सेनेला दोन मिळाले, कोपरी-पाचपाखाडी आणि ओवळा-माजिवडा. ऐरोली राष्ट्रवादीकडे. मीरा-भाईंदर आणि बेलापूर भाजपकडे. बेलापूरला तर मंदा म्हात्रेंनी खुद्द गणेश नाईकांना पाडलं. आणि ज्याला बालेकिल्ल्याचा बालेकिल्ला म्हणावं, ते ठाणे शहर भाजपच्या संजय केळकरांनी घेतलं. भाजपवाल्यांनी यावर फार हुरळू नये. त्यांचा आकडाही सहापैकी तीन.

मग २०२४. यावेळचा युक्तिवाद असा असतो: नरेश म्हस्के सेनेचे (शिंदेंच्या), राजन विचारेही सेनेचे (ठाकरेंच्या). एकाला सात लाख ३४ हजार, दुसऱ्याला पाच लाख १७ हजार. झालेली जवळजवळ सगळी मतं दोन सेनांनीच वाटून घेतली, आणखी कसला पुरावा हवा? ऐकायला बिनतोड. पण याच विचारेंना २०१९ मध्ये सात लाख ४० हजार मतं होती. तेव्हा ते धनुष्यबाणावर होते आणि सोबत भाजप होता. २०२४ ला धनुष्यबाण आणि भाजप म्हस्केंकडे, आणि त्यांना तेवढीच मतं, सहा-सात हजारांचा काय तो फरक. उमेदवार बदलला, पक्ष फुटला, ठाण्यात घराघरांत भांडणं झाली, आणि युतीचं माप तसूभर हललं नाही. विचारेंची पाच लाख मतं कुठून आली? त्यात जुना शिवसैनिक आहेच, मी त्यातल्या काहींना ओळखतो. पण त्यात काँग्रेसचा मतदार आहे, शरद पवारांचा आहे. २०१९ ला विचारेंच्या विरोधात मत दिलेला मतदार २०२४ ला त्यांच्या मशालीवर बोट ठेवून आला. याला सेनेचं मत म्हणायचं?

माणसं तर इतकी फिरली आहेत की मतदाराला निष्ठावान म्हणणं हा विनोद वाटावा. आनंद परांजपे २००८-०९ ला सेनेकडून जिंकले, २०१९ ला राष्ट्रवादीकडून विचारेंविरुद्ध हरले. संजीव नाईक २००९ ला राष्ट्रवादीचे खासदार, २०२४ ला भाजपकडून इच्छुक. वडील गणेश नाईक मूळचे सेनेचे. २००९ ला कल्याणमध्ये मनसेकडून लढलेल्या दरेकर २०२४ ला तिथेच मशालीवर होत्या. यात मी कुणाला नावं ठेवत नाही, राजकारण असंच चालतं. पण उमेदवाराला पक्ष बदलायची मुभा आणि मतदार मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका गडाचा पहारेकरी, हे कसं?

आणि तो आकडा, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. २०२४ ला इथे सुमारे २५ लाख मतदार होते. मतदान ५२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे विजयी उमेदवाराला नोंदलेल्या दहा मतदारांपैकी तिघांनीही पुरतं मत दिलेलं नाही. हा म्हस्केंचा दोष नाही, विचारेंचंही २०१९ ला फार वेगळं नव्हतं. मुद्दा असा की इथला सगळ्यात मोठा गट घरी बसणारा आहे. त्याचा बालेकिल्ला कुणी सांगत नाही.

एक गंमत सांगतो. आमच्या कंपूत ‘ठाणं आमचंच’ असं सर्वांत मोठ्या आवाजात सांगणारे काका खारेगावला राहतात. महापालिका ठाण्याची, पिन कोड ठाण्याचा, बोलणं तर अस्सल ठाणेकराचं. पण खारेगाव कळवा-मुंब्रा विधानसभेत, आणि कळवा-मुंब्रा २००९ पासून कल्याण लोकसभेत. ज्या मतदारसंघाच्या मालकीसाठी ते घसा कोरडा करतात, तिथे त्यांना मतच नाही. मी हे एकदा दाखवून दिलं तर म्हणाले, “मत नसलं म्हणून काय झालं?” खरंय म्हणा, आमच्या वादाला मत लागतच नाही.

तुम्ही म्हणाल, एका शब्दावर एवढा राग कशाला? कारण शब्दामुळे नुकसान होतं. २०२४ मध्ये या जागेवर कुणी लढायचं याची रस्सीखेच इतकी लांबली की महायुतीचा उमेदवार १ मे रोजी जाहीर झाला. अर्ज भरायची शेवटची तारीख ३ मे, मतदान २० मे. नवी मुंबईत भाजपच्या पदाधिकाऱ्यांनी नाराजीने राजीनामे दिले, ठाण्यात समजुती काढल्या गेल्या. पंचवीस लाख लोकांना आपला उमेदवार कोण हे कळायला मतदानाआधी तीन आठवडेही मिळाले नाहीत. आणि या सगळ्या काळात वाद कशावर चालला होता? जागा कुणाच्या हक्काची यावर. जागा आपलीच आहे असं दोघांनाही वाटत होतं, म्हणून मतदाराकडे जायची घाई कुणालाच नव्हती.

ती असती तर बोलायला पुष्कळ होतं. या एका खासदाराच्या वाट्याला तीन महापालिका येतात. नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. भातसा, स्टेम, एमआयडीसी, जिथून मिळेल तिथून. मीरा-भाईंदर तेव्हा सूर्या धरणाच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेलं. मीरा रोडचा माणूस पश्चिम रेल्वेवर, ठाण्याचा मध्य रेल्वेवर, नेरूळचा हार्बर आणि ट्रान्स हार्बरवर. एकाच खासदाराचे मतदार, पण मीरा रोडहून ठाण्याला थेट लोकल नाही. घोडबंदर रस्ता आणि गायमुखची कोंडी, एवढाच दुवा. मनोरुग्णालयाच्या जागेवरचं नवं ठाणे स्थानक किती वर्षं ऐकतोय. दिघा गाव स्थानक बांधून तयार होऊन उद्‌घाटनाची वाट बघत राहिलं, ते २०२४ च्या जानेवारीत उघडलं. ज्या कळवा-ऐरोली उन्नत मार्गाचा ते भाग आहे, तो मार्ग तेव्हा रखडलेलाच होता. रेल्वे दिल्लीचा विषय आहे, म्हणजे अगदी खासदाराचा. प्रचारात यातलं किती आलं?

म्हाळगींचं नाव घेणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. आमदार असताना ते वर्षभरात काय केलं याचा अहवाल छापून मतदारांसमोर ठेवत. त्यांच्या वारशावर हक्क सांगणारे जागा मागतात. अहवालाचा वारसा मागायला अजून कुणी आलेलं नाही.

जनगणना आता २०२७ ला होणार आहे. त्यानंतर पुनर्रचना होईल तेव्हा आजची रेघही राहणार नाही. मीरा-भाईंदर कुठे जाईल, नवी मुंबईचा वेगळा मतदारसंघ होईल का, कळवा परत ठाण्यात येईल का, कोणती जागा महिलांसाठी राखीव होईल, कुणालाच सांगता यायचं नाही. आमचे काका कदाचित पुन्हा ठाण्याचे मतदार होतील. तेव्हाही वाद हाच असेल.

माझी मावशी नेरूळला राहते, म्हणजे बेलापूर विधानसभेत. २०२४ च्या विधानसभेला तिथे मंदा म्हात्रे ३७७ मतांनी निवडून आल्या. तीनशे सत्त्याहत्तर, मावशीच्या सोसायटीत त्याहून जास्त मतं आहेत. पुढच्या गणपतीत मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती तक्रार करत होती, की यंदा दोन्हीकडची माणसं आरतीला येतात, लिफ्टचं काय झालं विचारतात, रस्त्याचं काय झालं विचारतात, आणि प्रसाद पुरत नाही. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचाही गणपती असतो. आमच्याकडे एकवीस मोदक केले होते, त्यातले चार उरले.